खाणीच्या तळाचं घर

अकरावी खोली बघून झाली तेव्हा इस्त्रीवालीच्या पायांनी संप पुकारला होता, पण जीभ कामावर होती.

"आता बारावी खोली चंद्रावर बघू," ती धाकट्या लेकीला म्हणाली. "तिथे शेजार नाही."

धाकटी हसली नाही. कपाळावर ओला रुमाल दाबून टेम्पोच्या फळीवर बसून राहिली.

दोन वर्षं हेच चाललं होतं. पोरगी मोबाइलच्या दुकानात काउंटरवर होती. एके दिवशी तिचं डोकं तापायला लागलं ते तापतच राहिलं. वायफाय चालू झालं की कातडीखाली मुंग्या, टॉवर जवळ आला की छातीत धडधड, भिंतीपलीकडे मीटरची पेटी असली तरी डोळ्याला डोळा नाही. नोकरी गेली, झोप गेली, अंगावरचं मांस गेलं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाले, "त्रास खरा आहे, कारण सापडत नाही."

"मग कारण सापडेपर्यंत त्रास तुमच्याकडे ठेवून घेता का?" इस्त्रीवालीने तिथल्या तिथे विचारलं होतं.

डॉक्टरांना असं सुनावलं खरं, पण घरी ती लेकीलाही सोडत नसे. तुझ्या डोक्यात बसलंय ते, असं तिने तोंडावर कितीदा सांगितलं होतं. आणि तरी दर रविवारी दुकान बंद ठेवून खोल्या शोधत हिंडायचीही तीच.

खोली बघायची धाकटीची एक पद्धत होती. मधोमध अनवाणी उभी राहायची, डोळे मिटायची आणि थोड्या वेळाने मान हलवायची, नाही म्हणून. एका घरमालकाने घाबरून विचारलं होतं, "यांना भूतबित दिसतं का हो?"

"भूत असतं तर लगेच घेतली असती खोली," इस्त्रीवाली म्हणाली होती. "भुताला चार्जिंग लागत नाही."

बारावी जागा टेम्पोवाल्यानेच सुचवली. गावाबाहेर दगडाची जुनी खाण होती. काम बंद पडल्यावर विजेची तारसुद्धा काढून नेलेली. तळाशी दोन खोल्यांचं दगडी घर होतं आणि वर राहणारा म्हातारा मोजणीदार ते सांभाळत होता. खाण चालू असताना निघालेला प्रत्येक दगड त्याने मोजला होता. आता मोजायला काही उरलं नव्हतं, तर येणाऱ्या माणसाला तो नजरेने मोजायचा.

"खाली उतरल्यावर आधी गप्प उभं राहायचं," त्याने बजावलं. "मी हात खाली करेपर्यंत बोलायचं नाही. वरून दगड सुटला तर आधी त्याचा आवाज येतो. बोलणाऱ्याला तो ऐकू येत नाही. खाणीतला नियम आहे."

"आमच्या दुकानात गिऱ्हाइकाला असा नियम लावता आला असता तर..."

"ताई, सुरुवात आत्तापासून करा."

दगडात खोदलेल्या शंभरावर पायऱ्या उतरून तिघं तळाला आली आणि मोजणीदाराने हात वर केला. इस्त्रीवाली गप्प उभी राहिली. जन्मात पहिल्यांदा कुणाच्या सांगण्यावरून.

चारी बाजूंनी दगड सरळ आभाळात गेला होता. सुरुंगाच्या खुणा त्यावर ओळीने उतरत आल्या होत्या, कुणा महाकाय माणसाने नखांनी ओरबाडल्यासारख्या. एका कोपऱ्यात हिरवंगार पाणी होतं. त्यावर वाऱ्याची सुरकुती नव्हती, इस्त्री केल्यासारखं. आवाज मात्र कसलाच नव्हता. आधी तिला वाटलं आपल्याला बहिरेपण आलं. मग स्वतःचा श्वास ऐकू आला. मग लेकीचा. आणि मग तिला कळलं की चाळीस वर्षं दुकानाबाहेरचा ट्रान्सफॉर्मर तिच्या कानात गुणगुणत होता आणि तो थांबल्यावरच तो होता हे समजत होतं. एवढा मोठा आवाज मी पोटात घालून जगले आणि मला पत्ता नाही?

मोजणीदाराने हात खाली केला, तरी ती बोलली नाही.

धाकटी घरात गेली, मधोमध उभी राहिली, डोळे मिटले. मान हलली नाही. बऱ्याच वेळाने ती भिंतीला टेकून खाली बसली आणि बसल्या बसल्या झोपली. दोन वर्षांत दिवसाउजेडी न लागलेली झोप! तोंड उघडं, लहानपणी असायचं तसं. इस्त्रीवाली तिच्या शेजारी खिळल्यासारखी बसली. दारातून आलेला उन्हाचा पट्टा एका फरशीवरून दुसऱ्या फरशीवर गेला. तासभर झाला असेल.

डोळे उघडून धाकटी म्हणाली, "आई, काहीच होत नाहीये गं मला."

"बघू, ताप?" म्हणून इस्त्रीवाली तिच्या कपाळाला हात लावायला वाकली आणि कमरेची पिशवी दबून आत फोनचा उजेड पडला.

दुकानाच्या किल्ल्या, पावत्या, फोन असं सगळं घालून ती पिशवी वीस वर्षं तिच्या कमरेला होती. ती अंगावर आहे हेच ती विसरली होती. फोन वर टेम्पोत ठेवायचा असं दोघींचं ठरलेलं होतं. आणि तो इथे, पोरीच्या खांद्यापासून वीतभर, तासभर चालू होता.

धाकटीचा चेहरा दगडासारखा झाला. "म्हणजे मी खोटी?"

इस्त्रीवालीला हवा होता तो पुरावा आयता हातात पडला होता. दोन वर्षांच्या भांडणात आज ती जिंकली असती. पण तिला आठवली ती पोरीची उघडी जिवणी. जिंकायची हौसच गेली.

"इथे रेंज नाही ना, म्हणून..." मोजणीदार दारातून समजूत घालायला लागला.

"रेंज नसली की फोन जास्तच शोधत राहतो, आजोबा," धाकटी म्हणाली. "मी विकायचे ते."

"हे बघ," इस्त्रीवाली म्हणाली, आवाज खाली ठेवून. "माझ्या हातावर एवढे फोड आले. कुठल्या इस्त्रीने भाजलं हे फोडाला कधी विचारलं नाही मी. मलम लावलं. तुला भाजलंय, हे मी बघितलंय. आणि आत्ता तू झोपलीस, तेही मीच बघितलं. कशाने ते मला कळत नाही. डॉक्टरांनाही कळलं नाही आणि त्यांचं शिक्षण माझ्याहून जरा जास्त आहे. चल घरी, वाटलं तर."

धाकटी उठून बाहेर गेली. उंच दगडाकडे मान वर करून उभी राहिली. मग परत आत आली.

"मी राहते. एकटी. मला फोन खराच जाळत होता की त्याची भीती, ते मला बघायचंय. पुढच्या महिन्यात तूच आण एक फोन, चालू आहे की बंद ते मला न सांगता."

"आणि त्रास नाही झाला तर?"

"तर वर यायला शिकेन. हळूहळू."

अकरा घरमालकांना पुरून उरलेली इस्त्रीवाली या काटकुळ्या पोरीपुढे हरली. असलं धाडस आपल्याला जमलं नसतं, हे तिला लख्ख दिसलं.

टेम्पोतली गादी आणायला ती पायऱ्या चढू लागली. टेम्पोवाल्याला हाक मारता आली असती, पण लेकीची गादी तिला स्वतःच उतरवायची होती. अर्ध्यावर दम लागला म्हणून तिने खाली पाहिलं. एवढ्या प्रचंड दगडाच्या तळाशी बोटाएवढी धाकटी दार सताड उघडं टाकून उंबरा झाडत होती.

ही माझ्या पोटची, इस्त्रीवालीला वाटलं, आणि डोक्यावरचा पदर सावरून ती पुढे चढली.