खुराड्याची कडी

"खुराड्याचं दार कुणी उघडं टाकलं?"

सासूला जाऊन दोन वर्षं झाली, तरी तो आवाज थोरलीच्या कानातून जात नव्हता. सात वर्षांपूर्वीची ती सकाळ. रानमांजरानं रात्रीत अकरा कोंबड्या फाडलेल्या, अंगणभर पिसं वाऱ्यावर फिरतायत, आणि सासू कमरेवर हात ठेवून दोन्ही सुनांपुढं उभी. थोरली गप्प राहिली. धाकटी घरात नवी होती, ती घाबरून रडायला लागली. रडली म्हणून तीच गुन्हेगार ठरली. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं उघडदारी. तिचा नवरासुद्धा हसत हसत त्याच नावानं हाक मारायचा. खुराड्याची कडी पुन्हा काही तिच्या हाती आली नाही.

त्याआधीची सहा वर्षं सासूनं थोरलीला टोचून टोचून जिणं नकोसं केलं होतं. धाकटीकडं नजर वळली तेव्हा कुठं थोरलीनं मोकळा श्वास घेतला, आणि नजर तिकडंच राहावी म्हणून सासूच्या सुरात सूर मिसळत गेली. सासू गेली, पण सूर काही सुटला नाही.

यंदा चार दिवस पावसानं झड लावली. कोंबड्या दिवसभर कोंडलेल्या, दाटीवाटीनं चिडलेल्या. पाचव्या दिवशी थोरलीनं दार उघडलं, तर भुरी कोंबडी कोपऱ्यात तोंड खुपसून बसलेली. पाठ सोललेली, शेपटाच्या जागी नुसता बुडखा. थोरलीनं डब्यातलं लाल औषध काढून पाठीवर चोपडलं आणि तिला परत आत सोडलं. दुपारी बघते तर काळी कोंबडी भुरीच्या पाठीवर चढून टोचतेय, आणि बाकीच्या आपली पाळी कधी येते म्हणून भोवती उभ्या.

धाकटी भांडी टाकून ओल्या हातानंच आली. "जाऊबाई, लाल दिसलं की टोचणारच त्या. तुम्ही तर जागा रंगवून दिलीत."

थोरलीला झोंबलं. असली दुखणाईत कोंबडी पोसण्यापेक्षा रविवारी कापलेली बरी, असं ती फणकाऱ्यानं म्हणाली. कोमट मिठाच्या पाण्यानं धाकटीनं ते लाल पुसून काढलं, तेलात काजळी कालवून पाठ काळी केली आणि भुरीला चुलीजवळ टोपलीत ठेवलं. रोज आपल्या वाटचं उकडलेलं अंडं तिला कुस्करून घालायची. पिसं फुटायला अंगात बळ लागतं, एवढंच म्हणायची. रविवार आला आणि गेला. सुरीचं नाव थोरलीनंही काढलं नाही.

तीन आठवड्यांनी भुरीच्या पाठीवर नव्या पिसांचे निळसर खुंट दिसले, रोपं वर आलेल्या वाफ्यासारखे. थोरली हळूच त्यावरून बोट फिरवत होती. धाकटीनं पाहिलं, पण पाहिलंसं दाखवलं नाही.

"आत घातली की पुन्हा तेच होणार," थोरली म्हणाली.

"म्हणून काळीला बाहेर काढायचं. मार खाणारीला किती दिवस कोंडायचं? काळी आठ दिवस एकटी राहिली की उतरेल तिचा तोरा." धाकटीनं दाराकडं बोट केलं. "पण कडी तुमच्याकडं."

थोरलीनं काळीला धरलं आणि गोठ्यात डालग्याखाली झाकलं. भुरीला आत सोडून दोघी दाराशी उकिडव्या बसल्या. घटकाभर सगळं शांत होतं. मग तांबडी पुढं आली. इतके दिवस काळी जिला दाण्यापासून हाकलायची, ती तांबडी. तिनं मान ताणली आणि भुरीचा एक कोवळा खुंट उपटला. रक्ताचा थेंब वर आला.

"ही? ही तर स्वतः काळीचा मार खायची," थोरली म्हणाली.

"म्हणूनच तर." धाकटीनं भुरीला उचललं, थेंबावर काजळीचं बोट फिरवलं. "काळी गेली, तरी हिच्या मनातली धास्ती गेलेली नाही. आपल्यावर येण्याआधी दुसरीला पुढं केलेलं बरं, असं वाटत असेल तिला. वाईट नाही ती, जाऊबाई. भ्यालेली आहे. दाण्याची ताटली एकच आहे ना, आणखी एक ठेवा लांबच्या कोपऱ्यात."

ती कोंबडीबद्दलच बोलत होती. थोरलीकडं तिनं वर मान करूनही पाहिलं नाही.

थोरलीनं दुसरी ताटली आणली. आत वाकून ती कोपऱ्यात ठेवताना निम्मे दाणे खालीच सांडले. तांबडी तिकडं पळाली. धाकटीनं भुरीला आत सोडलं. भुरी अंग चोरत पहिल्या ताटलीशी आली, एक दाणा टिपला, मागं पाहिलं, दुसरा टिपला.

दोघी उठल्या. सात वर्षांच्या सवयीनं धाकटी बाजूला सरकली, थोरलीनं दार लावावं म्हणून. थोरली जागची हलली नाही.

"तू लाव."

धाकटी हसली. "उघडदारीला कडी लावायला सांगताय?"

"रानमांजर आलं त्या संध्याकाळी अंडी काढायला मी आले होते," थोरली म्हणाली. "हात भरलेले होते. म्हटलं, अंडी ठेवून येते आणि लावते. राहिलं ते राहिलंच." तिनं पदरानं तोंड पुसलं. "सकाळी सासूबाईंनी विचारलं ना, तेव्हाही मला ठाऊक होतं. दार मी उघडं टाकलं होतं."