लाल गोलातल्या चिंध्या

मी वाकळ बोलतेय. अंगावर घ्यायची नव्हे, जमिनीवर अंथरून लेकराला माणसं शिकवायची वाकळ. आणि आधीच सांगून टाकते, मी भ्यालेली आहे. बाजाराच्या दिवशी तर माझा टाका न् टाका भितो. चिंध्यांना कसली आलीय भीती, असं जे म्हणतात त्यांनी अक्षराला पाहिलेलं नाही.

अक्षरा किल्लारीची. दहा-अकरा वर्षांची, बारीक चणीची. जन्मतःच तिच्या अंगात एक बारीकसं काहीतरी कमी आहे, ते डोळ्यांना दिसत नाही, औषधानं भरून येत नाही, असं लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. तिला हिशोब जमत नाही, गुंडी लावता येत नाही. पण बोलणं असं, की रागावलेला माणूसही खाली बसून ऐकेल. फक्त परका माणूस म्हणजे काय, ते तिला कळत नाही. रस्त्यानं कुणीही जाऊ दे, ही धावत जाऊन कमरेला मिठी मारणार. "दमलाव का? पाणी देऊ का?"

लोक हसतात. गाल ओढतात. "लई गोड लेकरू हाय, कुणाकडं बी जातंय."

कुणाकडं बी जातंय, हीच तर भीती. ती भंगारवाल्याबरोबर गेली असती, उसाच्या ट्रॅक्टरवर चढून बसली असती. तिची आई सिंधु दाराला आतून कडी घालून भाकरी करायची. आणि अक्षरा खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलवायची.

लातूरला अशा लेकरांना चारचौघांत वागायला शिकवणारं एक केंद्र आहे. तिथल्या पुनमताईंकडं गोल काढलेलं प्लास्टिकचं बस्कर होतं. त्यावर अक्षराचा पाय घसरायचा, ती भिऊन उतरायची. सिंधु म्हणाली, "ताई, मला गोल सांगा. मी वाकळ शिवते."

असा माझा जन्म झाला. सिंधुचं माहेर भोकरचं. तिकडून आलेल्या लाल पातळाचा मधला गोल केला. लाल म्हणजे आई, बाप, आजी, त्यांना मिठी. त्याच्याभोवती पिवळा. पिवळा म्हणजे ओळखीची माणसं. त्यांना लांबून हात जोडायचे. सगळ्यात बाहेर काळा. काळा म्हणजे ज्याला ओळखत नाही तो. तिथं मागं सरायचं आणि आईला हाक मारायची. माणसाचं नाव घेतलं की अक्षरानं त्याच्या रंगावर जाऊन उभं राहायचं. एवढंच. सोपं होतं.

पण आमच्याकडं लेकराची वाकळ एकटीनं शिवत नाहीत. गल्लीतली प्रत्येक बाई आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी आणून लावते. लेकराला सगळ्यांची ऊब लागावी म्हणतात. जीप अड्ड्याजवळ बांगड्यांचं दुकान लावणारी चांदबी दाभण घेऊन आली. शेजारची तारामतीकाकू आली. आणखी चौघी-पाचजणी आल्या. सिंधुनं सगळ्यांच्या चिंध्या पिवळ्यावर मांडल्या.

तारामतीकाकूचा हात थांबला. "माझी चिंधी भाईर का?"

"भाईर न्हाई काकू, पिवळ्यावर हाय. ओळखीच्यांचा गोल हाय तो."

"ओळखीची? तुझं बाळंतपण कुणी केलं? ह्या पोरीला पायावर घेऊन न्हाऊ कुणी घातलं? आता मी हात जोडायच्या लायकीची झाले व्हय?"

दुसरी म्हणाली, "मग माझी तरी कशाला भाईर?"

सिंधु कुणाचं ऐकून घेणारी बाई नाही. पण बाळंतपण केलेल्या बाईची चिंधी तिनं उचलून लालमध्ये ठेवली. एकीची चिंधी लालमध्ये गेली, मग दुसरीची कशी बाहेर ठेवणार? सगळ्या आत आल्या. बायका खूश झाल्या, चहा झाला. माझा लाल गोल मात्र लाल राहिलाच नाही. निळी चिंधी, जांभळी चिंधी, फुलाफुलाची चिंधी. मी तेव्हाच घाबरले. पण वाकळीला कोण विचारतंय?

अक्षरा हुशार निघाली. तिला माणसं नीट शिकता आली नाहीत, चिंध्या मात्र शिकली. ज्याची चिंधी लालमध्ये त्याला मिठी, असं तिचं तिनं ठरवून टाकलं. पुनमताईंनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "सिंधुताई, हे बदला." सिंधु म्हणाली, "बदलते. पण गल्लीत राहायचं हाय मला." आणि ते राहून गेलं.

मग तो बाजाराचा दिवस. लातूरला जायचं होतं. मला घडी घालून अक्षराच्या मांडीवर दिली आणि तिला जीप अड्ड्याच्या कट्ट्यावर बसवलं. सिंधु जागेसाठी ड्रायव्हरशी भांडायला गेली. चार पावलांवरच होती, पण पाठमोरी.

एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, हातात बिस्किटाचा पुडा. गावातला नव्हता.

"काय गं बाई, कुठं चाललीस?"

अक्षरानं त्याला लगेच बाजूला बसवून घेतलं. मग शिकवलेलं तिला आठवलं, म्हणजे तिच्या परीनं आठवलं. तिनं मला तिथंच कट्ट्यावर पसरलं. "तुमची चिंधी कुठंय?"

त्याला काही कळलं नाही. पण हसला. बोट ठेवलं, ते नेमकं मधोमध, जांभळ्या चिंधीवर. "ही काय. माझीच हाय."

त्याचं बोट माझ्या अंगावर होतं आणि मला ओरडता येत नव्हतं. अक्षरानं त्याच्या गळ्यात हात टाकले. तो म्हणाला, "चल, तिकडं लई खेळणी आल्यात." ती उठली. एका हातात त्याचं बोट, दुसऱ्या हातात मी. मी धुळीतून ओढत चालले. दगडाला अडकावं, कशाला तरी गुंतावं असं वाटलं. पण मेला रस्ता कधी नव्हे तो साफ होता.

बांगड्यांच्या दुकानापुढून गेलो. चांदबीनं आधी मला पाहिलं, मग पोरीला, मग त्या माणसाला.

"अक्षरा बेटा, कुणासंगं चालली?"

"ह्यांची चिंधी हाय आपल्यात. जांभळी."

चांदबी गिऱ्हाइकाचा हात सोडून उठली. "जांभळी तर माझ्या ओढणीची हाय. तुम्ही कोण म्हणायचं?"

माणूस हसला. "लेकराची मस्करी केली हो." बोट सोडवून घेतलं आणि गर्दीत गेला. तो कोण होता, कशाला आला होता, अजून कुणाला ठाऊक नाही. खरंच मस्करी असेल. मला ते कळून काय करायचंय? पोरगी गेली असती, एवढं मला कळलं.

सिंधुनं पोरीला मारलं नाही. घरी आली, ब्लेड घेतलं आणि माझा लाल गोल उसवायला बसली. इतक्या घाईनं उसवलं की दोन ठिकाणी मीच फाटले. चांदबी म्हणाली, "माझी आधी काढ. आज मी होते म्हणून. उद्या कोण?"

तारामतीकाकूची चिंधी निघाली, तशी ती उंबऱ्यातूनच परत फिरली. "काढ. माझं नाव बी काढून टाक." महिनाभर बोलली नाही.

पण पुनमताईंनी बजावलं होतं, वाकळीवर शिकून भागत नाही, खरी माणसं पाहिजेत. पोर मिठी मारायला आली की माणसानं मागं सरायला पाहिजे, रोज, प्रत्येकानं. एकानं जरी लाडानं उचललं तरी सगळं पाण्यात. सिंधु दारोदार सांगत फिरली. काहीजणी म्हणाल्या, "लेकराला झिडकारायचं का? पाप लागंल." तारामतीकाकूच्या दारात ती गेलीच नाही.

एका सकाळी अंगणात मी अंथरलेली होते. तारामतीकाकू पाण्याची घागर घेऊन चालली होती. अक्षरानं पाहिलं आणि सुसाट धावली. काकूनं घागर खाली ठेवली. मी म्हटलं, संपलं, आता उचलणार. काकूनं दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि मागं सरली.

"न्हाई बाळ. मी पिवळ्यावरची. हात जोड."

अक्षरा तिच्या लुगड्याला ओढत राहिली. "काकू, मी काय केलं? काकू, रागवलाव का?" काकूचं तोंड वेडंवाकडं झालं, पण हात मागंच राहिले. शेवटी पोरीनं हात जोडले. काकूनं जोडले. मग घागर तिथंच विसरून काकू घरात गेली. त्या दिवशी अक्षरा जेवली नाही. माझ्यावर पडून रडली, मी पार भिजले. मला तेव्हा वाटलं, हिचं जे चांगलं आहे तेच आपण मोडतोय का? अजून वाटतं.

आता मी विटलेय. लाल गोलात उसवल्याची भोकं दिसतात. अक्षरा गल्लीत हात जोडते. जीप अड्ड्यावर कधी मागं सरते, कधी सरत नाही. लातूरच्या रस्त्यावर परवाच एका पोलिसाच्या कमरेला बिलगली. आणि सिंधुचं वय वाढत चाललंय, पोरगी मोठी होत चाललीय. माझी भीती काही कमी होत नाही.

मी अंथरल्या जागेवरून उठू शकत नाही. म्हणून तुम्हाला सांगते. एखादी पोरगी भर रस्त्यात दोन्ही हात पसरून तुमच्याकडं धावत आली, तर तिला जवळ घेऊ नका. तुम्ही भला माणूस असाल, तरी घेऊ नका. हात मागं घ्या, एक पाऊल सरा, आणि तिची आई कुठंय ते बघा. पोरगी रडेल. रडू द्या.