माझ्यातलं भूत माझं नाही

मी सात डब्यांत गुंडाळून ठेवलेली एका सिनेमाची प्रत बोलतेय.

माझी गोष्ट भीतीची, पण तिच्यात भूत नाही. एक नवरा रोज घरातली एखादी वस्तू हलवतो आणि बायकोला शांतपणे म्हणतो, "तूच ठेवलीस. विसरलीस." शेवटी ती स्वयंपाकघरात एकेक डबा उघडून बघते, झाकण लावते, पुन्हा उघडते. चार मिनिटं. आवाज नाही, संगीत नाही.

हे माझ्या दिग्दर्शिकेच्या थोरल्या बहिणीचं आयुष्य होतं. घरच्यांनी तिला झपाटलेली ठरवलं होतं. "ताईने एकदा बघावं आणि म्हणावं, हो, असंच होतं," एवढ्यासाठीच दिग्दर्शिकेने मला बनवलं.

वितरकाने पोस्टरवर सुळेवाली बाई रंगवून घेतली. पहिल्याच दुपारी ती चार मिनिटं आली आणि थिएटरात शिट्ट्या सुरू झाल्या.

"ए ऑपरेटर, झोपलास काय? आवाज गेला!"

"भूत कुठंय? घरी विसरलात?"

थिएटरचा मालक वर ऑपरेटरच्या खोलीत आला. "लोक भूत बघायला आलेत. भूत दे."

"साहेब, यात नाहीच."

"मग दुसऱ्यातलं घाल."

ऑपरेटरने ती चार मिनिटं कापून केराच्या टोपलीत टाकली. एका जुन्या सिनेमातली किंचाळणारी चेटकीण तिथे चिकटवली. शिट्ट्या थांबल्या.

तिसऱ्या दिवशी ताई आली. शेजारी दिग्दर्शिका बसली होती, तिला काहीच ठाऊक नव्हतं. चेटकीण किंचाळली. ताईने पर्स उचलली.

"तूसुद्धा तेच म्हणतेस ना? मला भूतच लागलं होतं?"

"ताई, हे मी नाही गं केलेलं."

"नाव तुझंच आहे." ती निघून गेली. बहिणी पुन्हा बोलल्या नाहीत. दिग्दर्शिकेने दुसरा सिनेमा केला नाही.

पुढे तीस वर्षं मी गोदामात आंबले. आता एका समीक्षकाने मला शोधून काढलंय. दुर्लक्षित राहिलेली थोर कलाकृती, असं तो लिहितो. चेटकिणीवर त्याने दोन पानं लिहिलीत. थकलेली दिग्दर्शिका त्याला म्हणाली, "तो तुकडा माझा नाही." तो हसला. "किती हो विनय तुमचा."

उद्या मला पुन्हा दाखवणार आहेत. ताई आता हयात नाही. तरी, मशीन चालवणाऱ्या बाबा, एवढं कर. तो तुकडा काढ आणि त्या जागी चार मिनिटं पडदा कोरा ठेव. लोकांना वाजवू दे शिट्ट्या.