थोरल्या लेकराची कोजागरी

भांडगावच्या सगुणाबाईंचं थोरलं लेकरू म्हणजे ज्योतिबा. डोक्याचे केस पांढरे, गुडघे दुखरे आणि नुकताच सासरा झालेला. कोजागरीला आईनं पहिल्या लेकराला ओवाळायचं, ही घरची रीत. सगुणाबाईंनी ती कधी चुकवली नव्हती. पण यंदा घरात नवी सून आली होती, रुपाली. तिच्यादेखत पाटावर बसायचं, कुंकू लावून घ्यायचं आणि वर आईचं "माझं बाळ ते" ऐकायचं, हे काही ज्योतिबांना झेपेना.

"आई, आज लाइट रातची हाय. उसाला पाणी धरायचंय," म्हणत ते बॅटरी घेऊन सटकले.

"आन् ओवाळणी?"

"लक्ष्मी काय, जागा असंल त्याला मळ्यात बी गाठंल!"

रुपाली दुधात वेलदोडा घालत होती. तिनं विचारलं, "म्हंजी काय, आजी?"

"आज लक्ष्मी दारोदार हिंडती. कोण जागं हाय, इचारती. जागा घावला त्याला देती, झोपला तो ऱ्हातो."

"आमच्या माहेरी तर नुसती गच्चीवर भेळ खायचो."

"मग चल, आज मळा बघ."

चांदणं दुधात पाडून दोघी निघाल्या. एकीच्या हातात किटली, दुसरीच्या हातात ताट. मळ्यात पोचल्या तर मोटारीशेजारच्या बाजेवर ज्योतिबा तोंड उघडं टाकून घोरत होते. उसात मात्र कुणीतरी खोऱ्यानं माती ओढत होतं. शेजारच्या रानातला इब्राहिम.

"आजी, जपून, चिखल हाय! बांध फुटाय आला व्हता. मामांना हाका मारल्या, पर उठंनात. म्हटलं, आपणच बारं मोडून पाणी दुसऱ्या सरीत सोडावं."

सगुणाबाई लेकाच्या कानाशी वाकल्या. "कोण जागं हाय?"

"मी! मी जागाच हाय!" ज्योतिबा धडपडून उठले. रुपालीनं पदर तोंडात कोंबला, तरी हसू फुटलंच.

आता पळायला जागा नव्हती. बाजेवरच ओवाळणी झाली. ज्योतिबा आधी सुनेकडं चोरून बघत होते. आईचा हात कपाळाला लागला, तसे त्यांनी डोळे मिटले. आई काय म्हणाली, ते रुपालीनं ऐकलं. ज्योतिबांनी आईला अडवलं नाही.

दुधाचा पहिला पेला मात्र सगुणाबाईंनी इब्राहिमला दिला. "घे. लक्ष्मीनं इचारलं तवा तू जागा व्हतास." त्यानं पेला घेतला, तशी त्यांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

"आन् मला?" ज्योतिबांनी विचारलं.

"उरलं तर."

ज्योतिबांनी खोरं उचललं, धोतर खोचलं आणि ते पाण्यात उतरले. बाजेवर बसून इब्राहिमनं पेला पुढं केला, "वैनी, अजून थोडं," आणि मामांचं घोरणं आपल्या रानापर्यंत कसं ऐकू येतं, ते रुपालीला रंगवून सांगू लागला.