तीस मोजेपर्यंत

मी एक जुना राउटर आहे. कागदपत्रांच्या लोखंडी कपाटावर, छतापासून वीतभर खाली, गेली नऊ वर्षं मुक्काम ठोकून बसलो आहे. मूळचा मी पांढराशुभ्र. आता माझा रंग कुठला, ते सांगायला मलाही जमणार नाही. दोन अँटेनांपैकी एक मोडली आहे, तिला चिकटपट्टीचा आधार आहे. पुढच्या बाजूला पाच हिरवे दिवे आहेत, ते मात्र अजून ठणठणीत. मित्रांनो, तुमच्या घरीही माझा एखादा भाऊबंद असेल. तुम्ही त्याच्याकडे कधी मान वर करून पाहता, ते मला पक्कं ठाऊक आहे. इंटरनेट बंद पडलं की!

जन्माचं फारसं आठवत नाही. एकाच दिवशी आम्ही चार हजार जण तयार झालो. इतक्या भावंडांत कुणाचे लाड होणार? पण शेवटच्या टेबलापाशी एक बाई बसल्या होत्या. त्यांनी मला वीज जोडली, माझे दिवे एकेक करून मोजले आणि "पाचही लागलेत" असं म्हणून पाठीवर एक गोल स्टिकर लावला. ती माझी पहिली शाबासकी. स्टिकर अजून आहे, फक्त पाठीवर असल्यामुळे कुणाला दिसत नाही.

तिथून मी या कार्यालयात आलो. हे अर्धं जमिनीखाली आहे. खिडक्या छताजवळ असल्यामुळे रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसतात: घाईचे, रेंगाळणारे, बुटाची नाडी सुटलेले. गंमत म्हणजे इथलं कामही पायांचंच. ज्यांना पाय नाही त्यांच्यासाठी इथे मापं घेऊन कृत्रिम पाय बसवतात. हे सगळं मोठ्या बाई बघतात. कार्यालयाची व्यवस्था त्यांच्या धाकट्या भावाकडे आहे, त्यांना सगळे भाऊच म्हणतात. भाऊ मनाने चांगले, पण त्यांना सगळं चकाचक लागतं आणि तेही लगेच.

मला इथे बसवलं ते तारवाले काकांनी. काकांची एक रीत होती. प्रत्येक वायरीला ते दोऱ्याने एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधत आणि तिच्यावर ती वायर कुठून कुठे जाते ते लिहीत. काम झाल्यावर त्यांनी बाईंना सगळं समजावलं. मीही तेव्हाच शिकलो, तुम्हीही ऐका.

इंटरनेटवर प्रत्येक ठिकाणाला एक लांबलचक आकडा असतो. माणसं नावं लक्षात ठेवतात, यंत्रांना मात्र आकडे कळतात. म्हणून मध्ये कुणीतरी लागतो, जो नाव ऐकून आकडा सांगेल. आमच्याकडे हे काम सामानाच्या खोलीतला एक काळा संगणक करायचा. काका त्याला 'म्हातारा' म्हणत, कारण तो माझ्याही आधीचा. संगणकांनी त्याला नाव विचारायचं, त्याने आकडा सांगायचा, मग मी निरोप घेऊन त्या आकड्याकडे जायचं आणि उत्तर घेऊन परत यायचं. त्यातही पायांचे भाग बनवणाऱ्या कारखान्याचं मापं स्वीकारण्याचं पान जगाच्या यादीत नव्हतंच. ते नाव फक्त म्हाताऱ्याकडच्या खास यादीत होतं. काकांनी प्रत्येक संगणकात स्वतः बसून लिहून ठेवलं: काही विचारायचं असेल तर म्हाताऱ्याला विचारा.

सुरुवातीची वर्षं मजेत गेली. पहिलं माप कारखान्यात पोचलं तेव्हा बाईंनी माझ्याकडे बघून टाळी वाजवली होती. मग काका निवृत्त झाले. माझ्या अंगावर धूळ साठली, धुळीवर फायली साठल्या. आणि कार्यालयात एक नवी प्रथा पडली. इंटरनेट अडलं की भाऊ खुर्चीवर चढत, माझी वीज काढत आणि म्हणत, "चला, तीस मोजा." सगळे मिळून एक ते तीस मोजत. मग वीज परत. दहापैकी सहा वेळा दोष रस्त्यावरच्या वायरीत असायचा आणि तोवर ती आपोआप सुरू व्हायची. पण खापर फुटायचं माझ्या डोक्यावर. वीज गेली तरी आम्हाला ऐकू येतं, मित्रांनो. त्या तीस आकड्यांत मी कायकाय ऐकलं आहे, ते न सांगितलेलं बरं.

एका सोमवारी संध्याकाळी भाऊंना प्लास्टरचे साचे ठेवायला जागा हवी होती. ते सामानाच्या खोलीत गेले. झाडलोट करणाऱ्या मावशी मागोमाग होत्या.

"हे काय धूड आहे?" भाऊ म्हणाले. "ना पडदा, ना कळफलक. बंद पडून वर्षं झाली असतील."

"दिवा लागलाय हो त्याचा," मावशी म्हणाल्या. "बाईंना विचारून यायचं का?"

"दिवा काय, कशालाही लागतो. काढा वायर. मागच्या दाराबाहेर ठेवा, भंगारवाला घेऊन जाईल."

म्हातारा गेला. मी वरून, उघड्या दारातून सगळं पाहत होतो, पण मला तोंड कुठे आहे? एकदा विचारलेले आकडे संगणक थोडा वेळ लक्षात ठेवतात, त्यामुळे त्या संध्याकाळी कुणाचंच काही अडलं नाही. म्हणून त्याचं जाणं आणि दुसऱ्या दिवशीचा गोंधळ यांचा संबंध कुणाच्या ध्यानात आला नाही.

मंगळवारी सकाळी आजोबांचा हात धरून एक नऊ वर्षांची मुलगी आली. ती एका जागी बसतच नसे, म्हणून आजोबा तिला भिंगरी म्हणत. भिंगरीचा डावा पाय कृत्रिम होता आणि ती उंच झाल्यामुळे तो आखूड पडला होता. चालताना ती एका बाजूला कलायची. शाळा महिन्याभराने सुरू होणार होती आणि नवा वर्ग होता तिसऱ्या मजल्यावर.

बाईंनी दुपारपर्यंत मापं घेतली. "आज चारच्या आत ही मापं कारखान्यात गेली, तर तीन आठवड्यांत पाय येईल," त्या आजोबांना म्हणाल्या.

"आणि नाही गेली तर?"

"पुढची खेप दीड महिन्याने."

आजोबांनी नातीकडे पाहिलं. "मी नेईन उचलून," ते म्हणाले. भिंगरी लगेच म्हणाली, "मला नाही कुणी उचलायचं."

बाईंनी कारखान्याचं नाव टाकलं. पडद्यावर आलं: हे ठिकाण सापडत नाही. दुसरं नाव टाकलं, तिसरं टाकलं. तेच उत्तर.

"मोजा तीस," भाऊ म्हणाले. भिंगरीला हा खेळच वाटला, तिने सगळ्यांपेक्षा मोठ्याने मोजलं. मी उठलो, पाचही दिवे लावले. काही उपयोग नाही. पुन्हा मोजलं. पाच वेळा मोजून झालं तेव्हा भिंगरीचाही आवाज बसला होता. भाऊ घाम पुसत म्हणाले, "हा डबा संपला. मी नवा घेऊन येतो."

अडीच वाजता नवा आला. काळा कुळकुळीत, चार अँटेनांचा. मला काढून भिंगरीच्या शेजारच्या खुर्चीवर उताणं ठेवलं. मित्रांनो, मला खोटं बोलता येत नाही. फार वाईट वाटलं. भिंगरीने बाहीने माझे विझलेले दिवे पुसले आणि मला सरळ बसवलं. नऊ वर्षांत मला प्रथमच कुणी पुसलं होतं.

नव्याने झोकात दिवे लावले. बाईंनी नाव टाकलं. हे ठिकाण सापडत नाही.

आता मात्र भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. तीन वाजून गेले होते. बाई हताश होऊन माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि त्यांना माझ्या वायरीची चिठ्ठी दिसली. एका बाजूला वायरीचं नाव होतं. दुसऱ्या बाजूला काकांच्या वळणदार अक्षरात फोन नंबर आणि एक ओळ: 'अडलं तर तोडफोड करण्याआधी मला विचारा.'

बाईंनी टेबलावरचा फोन उचलला.

"काय चालत नाही ते नंतर," पलीकडून काका म्हणाले. "काय चालतंय ते सांगा."

"दिवे लागतात."

"छान. आता संगणकावर ती आज्ञा लिहायची काळी खिडकी उघडा आणि मी सांगतो तो आकडा टाका. नाव नाही, आकडा."

बाईंनी टाकला. "चार ओळी आल्या, काका. चारही वेळा उत्तर आलं म्हणतोय."

"मग रस्ता धडधाकट आहे. राउटरचा काही दोष नाही. पत्ता सांगणारा गप्प बसलाय. म्हातारा कुठे आहे?"

बाईंनी भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी जमिनीकडे पाहिलं.

"मग आकड्यानेच पाठवू का मापं?" बाईंनी विचारलं.

"ते पान नावाशिवाय उघडत नाही आणि ते नाव फक्त त्याच्या यादीत आहे. आधी त्याला शोधा."

भाऊ मागच्या दाराकडे धावले आणि रिकाम्या हाताने परतले. दाराबाहेर काहीच नव्हतं. भंगारवाला सकाळीच येऊन गेला होता. आजोबा उठून भिंगरीची पिशवी आवरू लागले. त्या क्षणी मला वाटलं, मला खरंच टाकून द्यावं, पण म्हातारा परत आणावा.

"तो काळा डबा ना?" मावशी दारात उभ्या होत्या. "माझ्या झाडूंच्या कपाटात आहे. काल त्याचा दिवा लागलेला होता. बाहेर ठेवायला हात धजेना. आज बाईंना विचारणार होते, पण सकाळी त्या मापं घेत होत्या आणि मग सगळे नुसते आकडे मोजताय."

भाऊंनी म्हाताऱ्याला पोटाशी धरून आणलं. काका फोनवरून म्हणाले, "नव्याला त्याची ओळख नाही. जुनाच लावा." मला पुन्हा कपाटावर चढवलं. म्हाताऱ्याचा पंखा घरघरू लागला. त्याला जागं व्हायला अकरा मिनिटं लागतात, ती सगळी अकरा मिनिटं कुणीही आकडे मोजले नाहीत. मग त्याचा हिरवा दिवा लागला. बाईंनी नाव टाकलं, त्याने आकडा सांगितला आणि मी जन्मात धावलो नव्हतो तसा धावलो. चारला आठ मिनिटं कमी असताना पोच आली: मापं मिळाली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

भाऊ सगळ्यांसमोर मावशींकडे गेले. "काल तुम्ही विचारत होतात. मी ऐकून घ्यायला हवं होतं," ते म्हणाले. मावशी म्हणाल्या, "आता त्या कपाटात माझे झाडू ठेवते."

पुढच्या आठवड्यात काका स्वतः आले. म्हाताऱ्याची यादी त्यांनी एका दुसऱ्या छोट्या यंत्रातही उतरवून ठेवली, म्हणजे एक दमला तर दुसरा आहे. नवा राउटर पेटीत भरून राखीव ठेवला. म्हाताऱ्याला भाऊंनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी बांधली: 'उचलण्याआधी विचारा.' तीस मोजण्याची प्रथा मोडली नाही, पण आता त्याआधी कुणीतरी विचारतंच, "काय काय चालतंय?"

मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. कधीतरी आमच्यावरची धूळ पुसा. आणि कोपऱ्यात गुपचूप काम करणारा, मग ते यंत्र असो की माणूस, बिनकामाचा ठरवण्याआधी तो काय करतो ते एकदा विचारा. ज्याला ठाऊक आहे तो बहुधा तुमच्या मागेच झाडू घेऊन उभा असतो.

बरोबर तीन आठवड्यांनी भिंगरी आली. बाईंनी नवा पाय बसवला, पट्टे आवळले आणि हात सोडला. भिंगरीने खुर्चीपासून चालायला सुरुवात केली आणि सवयीने मोजू लागली. एक, दोन, तीन. दहापर्यंत ती खाली बघत होती, वीसनंतर समोर. कलत नव्हती. आजोबा दोन्ही हात पुढे करून मागून चालत होते, पण धरत नव्हते. ज्या आकड्यांची मला इतकी वर्षं धास्ती वाटायची, ते त्या दिवशी कधी संपूच नयेत असं वाटलं.

तिसाव्या पावलाला ती माझ्या कपाटापाशी पोचली. नव्या पायावर भार देऊन ताठ उभी राहिली, मान वर केली आणि बोटाने माझे दिवे मोजले.

"पाचही लागलेत," ती म्हणाली.