बाबांच्या सीटवर कोणी बसेना

मी एक जुना ट्रॅक्टर आहे, मित्रांनो. पण ट्रॅक्टर म्हटल्यावर लगेच नांगर आणि धूर डोळ्यांसमोर आणू नका. मी आपला बुटका, बॅटरीवर चालणारा, बागेतलं गवत कापणारा. येणारेजाणारे मला खेळणं म्हणून हसायचे. या रोपवाटिकेचे मालक मात्र माझं कौतुक करताना थकत नसत. त्यांची लेक त्यांना बाबा म्हणे, म्हणून मीही म्हणतो.

बाबांनी आणि मी किती गवत कापलं, किती माती ओढली! काम संपलं की ते माझ्या बॅटऱ्यांत पाणी घालत, तारांची टोकं घासून पुसत. मग ते आजारी पडले आणि गेले. मला शेडमध्ये ढकललं, अंगावर ताडपत्री पडली. तिच्याखाली मी बाबांसाठी झुरत राहिलो.

एक दिवस भंगारवाला मला पाहून गेला. दुपारी टेम्पो आणतो म्हणाला. लेकीनं माझ्यावरची ताडपत्री ओढून काढली. "आई, एकदा बघते. चालला तर ठेवू या."

पंखे, मोटारी दुरुस्त करणं हेच तिचं काम. तिनं नव्या बॅटऱ्या जोडल्या, फ्यूज बदलला, गंज घासला. शेजारी उभी राहून पेडल दाबलं. मी ढिम्म. मीटर लावून तिनं तार न् तार तपासली. "किल्लीपर्यंत वीज येते, मग मोटरपर्यंत का जात नाही?"

मला वाचा असती तर! एकदा बाबा उतारावर उतरले आणि मी एकटाच निघून गुलाबांत घुसलो. त्यानंतर त्यांनी सीटखाली बटण बसवलं होतं. वर माणूस बसला, तरच वीज पुढे जाणार. फजितीची गोष्ट, म्हणून घरात त्यांनी ब्र काढला नाही. आणि ते गेल्यापासून त्या सीटवर कोणी बसलंच नव्हतं. आई ती पुसायची. लेक तिच्यावर साधा पानासुद्धा ठेवत नसे.

"राहू दे गं आता, जाऊ दे त्याला," आई म्हणाली. उभं राहून तिचे गुडघे भरून आले होते. ती सीटला टेकली आणि बसलीच.

मीटरचा काटा उठला.

"आई, जरा उठ बरं."

काटा पडला.

"आता बस."

"अगं, उठबशा काय काढायला लावतेस?" असं म्हणत आई बसली. लेकीनं सीटखाली हात घातला, बटण चाचपलं आणि ढसाढसा रडायला लागली. "आपणच त्याला अडवून ठेवलं होतं गं."

टेम्पो रिकामाच परत गेला. आता रोज आईच मला चालवते.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू नुसती पुसून ठेवू नका. तिला हात लावा, कामाला जुंपा. बाबांची वाट मी अजूनही पाहतो, खोटं कशाला बोलू? पण आता वाट पाहता पाहता गवत तरी कापून होतं.