विद्रा ऐकत नाही

ल्येर्काबाई एकतीस वर्षं विंकोवत्सीच्या स्टेशनात स्टेशनमास्तर होत्या, आणि त्या एकतीस वर्षांत बाईंनी इशारा केला अन् गाडी हलली नाही, असं एकदाही झालं नाही. लाल टोपी घालून त्या फलाटावर उभ्या राहिल्या की राजधानीतून, झाग्रेबहून आलेला ड्रायव्हरसुद्धा सिगरेट लपवायचा. निवृत्त झाल्यावर मात्र हुकूम सोडायला घरात माणूस उरलं नाही. नवरा आधीच गेलेला, मुलगी आयर्लंडात. शेजारची मांडा रोज सकाळी कॉफीला यायची, पण मांडाला हुकूम सोडणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

म्हणून बाईंनी पिल्लू मागून घेतलं. झाग्रेबला आंधळ्या माणसांसाठी वाटाडी कुत्री तयार करणारी एक शाळा होती. तिथली पिल्लं दोन महिन्यांची झाली की वर्षभर लोकांच्या घरी वाढायला द्यायचे. घरच्यांनी त्यांना बाजार, बस, जिने, गर्दी दाखवायची, माणसांत वावरायला शिकवायचं आणि वर्ष संपलं की परत करायचं. खरं शिक्षण पुढे शाळेत. परत करायचं हे बाईंना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि त्यांनी सहीही केली होती. पिल्लू मांडीवर मावत होतं, तेव्हा सही करायला काय जातं!

काळंभोर लॅब्रेडॉर, मादी. शाळेनं नाव ठेवलं होतं विद्रा, म्हणजे पाणमांजर. बाईंनी तिला आगगाडीसारखं वाढवलं. बस म्हटलं की बस, ऊठ म्हटलं की ऊठ, पुढे म्हटलं की पुढे, आणि का म्हणून विचारायचं नाही. रविवारी चर्चमध्ये विद्रा बाकाखाली तासभर पडून राहायची, कान हलवायची नाही. मांडा म्हणायची, "कुत्री पाळलीस की सैन्यात भरती केलीस गं?" बाईंना ते ऐकून बरंच वाटायचं. शाळेला दर आठवड्याला अहवाल पाठवावा लागे. बाई स्टेशनातल्या वहीत लिहीत तसंच लिहीत: काही विशेष नाही.

वर्ष संपलं. शाळेची माणसं विद्राला घेऊन गेली तेव्हा बाईंच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. नंतर त्या कोठीच्या खोलीत गेल्या, वरून टांगलेल्या लाल सॉसेजांखाली उभ्या राहिल्या आणि ओक्साबोक्शी रडल्या. तिथे बघायला कुणी नव्हतं.

चार महिन्यांनी शाळेतून यासेन्काचा फोन आला. ही विद्राला शिकवणारी मुलगी, बोलायला मऊ, पण मुद्द्याची पक्की. ती म्हणाली की विद्रा सगळ्यात पहिली आहे, फक्त एक गोष्ट तिला जमत नाही. नाही म्हणणं. आंधळा माणूस पुढे म्हणेल, पण पुढे खड्डा असेल, गाडी येत असेल, तर कुत्र्यानं हुकूम मोडला पाहिजे. जागचं हलता कामा नये. विद्रा खड्ड्याशी थांबते, थरथरते, आणि दुसऱ्यांदा पुढे म्हटलं की मान खाली घालून निघते.

"सिसाकचा एक बेकरीवाला तिची वाट बघतोय, बाई," यासेन्का म्हणाली. "बेरो नाव. साखरेच्या आजारानं डोळे गेले. चार वर्षांत एकटा फाटकाबाहेर पडलेला नाही. येऊन तिला भेटून गेला. दोघांचं छान जमलंय. दहा दिवसांनी शेवटची परीक्षा आहे. नाही जमलं तर तिला काढून टाकावं लागेल, आणि मग आमची पद्धत अशी की जिथे वाढली त्या घराला आधी विचारायचं." मग तिनं विचारलं, "तुमच्याकडे असताना तिनं कधी ऐकलं नाही, असं झालं होतं का? तेव्हा काय केलंत?"

"काही विशेष नाही," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

विशेष होतं. बाईंना ती सकाळ जशीच्या तशी आठवत होती. त्यांच्या गल्लीत प्रत्येक घरासमोर पावसाचं पाणी वाहायला चर आहे आणि चरावर फळ्यांचा साकव. त्या दिवशी विद्रा साकवाशी येऊन थांबली. बाई म्हणाल्या, पुढे. विद्रा हलेना. तीनदा सांगितलं, तरी नाही. समोरच्या अंगणातल्या बायका झाडू थांबवून बघत होत्या. ज्या बाईच्या बोटावर मालगाड्या हलल्या तिला एक कुत्री जुमानत नाही म्हणजे काय! बाईंनी पट्ट्याला हिसडा देऊन तिला ओढली. विद्रा गेली, फळी मोडली, आणि तिचा मागचा पाय खिळ्यावर फाटला. फळी खालून कुजलेली होती.

जखमेवर बाईंनी रकियाचा, म्हणजे घरच्या कडक दारूचा बोळा धरला, मलमपट्टी केली, पण तोंडातून शब्द काढला नाही. दोन दिवस त्या तिच्याशी बोलल्या नाहीत. ऐकलं नाही याचा राग होताच. तिचंच बरोबर निघालं याचा त्याहून जास्त. विद्रा ते दोन दिवस बाईंच्या चपलांवर डोकं ठेवून पडून राहिली. त्यानंतर ती कधीही, कशालाही नाही म्हणाली नाही. आणि त्या आठवड्याच्या अहवालात, आयुष्यात स्टेशनच्या वहीत एक खोटा आकडा न लिहिलेल्या बाईंनी लिहिलं होतं तेच तीन शब्दांचं वाक्य.

मांडाला सगळं सांगितलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. "आता तोंड उघडशील तर बघ. गप्प बस दहा दिवस, कुत्री आपसूक घरी येते. त्या बेकरीवाल्याला देतील दुसरी एखादी."

बाई गप्प बसल्या. विद्राचं भांडं काढून घासलं. तिचं अंथरूण उन्हात टाकलं. इतका आनंद त्यांना कित्येक दिवसांत झाला नव्हता, आणि तो लपवायचीही गरज नव्हती. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी रुळांकडून शिट्टी ऐकू आली आणि बाईंच्या मनात आलं की आपण तोंड बंद ठेवलं आणि तरीही ही कुत्री चुकूनमाकून परीक्षेत पास झाली तर? आणि मग रस्त्यात बेरोच्या दुसऱ्या हुकमाला निघाली तर? गाडीखाली आलेला माणूस बाईंनी दोनदा पाहिला होता, आणि दोन्ही वेळा पंचनाम्यावर सही त्यांचीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं त्या झाग्रेबला गेल्या.

यासेन्कासमोर त्यांनी सगळं सांगितलं, दोन दिवसांच्या अबोल्यासकट. यासेन्का रागावली नाही, हेच बाईंना जड गेलं. ती एवढंच म्हणाली, "तिला खड्ड्याची भीती नाही, बाई. नाही म्हटलं की घरचं माणूस आपल्याला टाकतं, याची भीती आहे. ते मी काढू शकत नाही. तुम्हीच काढा."

खरं तर शिक्षण चालू असताना जुन्या घरच्यांनी भेटायचं नसतं. यासेन्कानं तो नियम बाजूला ठेवला. विद्रानं बाईंना पाहिलं आणि असा काही धिंगाणा घातला की बाईंचा चष्मा गवतात गेला. मग बाईंच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, हातात विद्राच्या पाठीवरच्या साजाची मूठ दिली, आणि मैदानातल्या वाटेवर चर खणून ठेवला होता तिकडे दोघींना सोडलं.

पहिल्या दिवशी विद्रा थांबली, बाई दुसऱ्यांदा पुढे म्हणाल्या, आणि दोघीही चरात. बाईंचा गुडघा फुटला. दुसऱ्या दिवशी यासेन्कानं सांगितलं, थांबली की लगेच कौतुक करा, एका क्षणाचाही उशीर नको. कौतुक करायची बाईंना सवय नव्हती. शाबास म्हणताना जीभ अडखळत होती, मैदानाच्या कडेची माणसं हसत होती. बाईंनी त्यांना हसू दिलं. संध्याकाळपर्यंत त्यांचा घसा बसला.

तिसऱ्या दिवशी यासेन्का म्हणाली, आता स्टेशनातल्या आवाजात.

चराशी विद्रा थांबली. बाई म्हणाल्या, पुढे. मूठ हलली नाही. आता शाबास म्हणून थांबलं तरी चाललं असतं, पण बाईंनी श्वास घेतला आणि एकतीस वर्षं गाड्या हलवणाऱ्या आवाजात पुन्हा म्हणाल्या, पुढे. या हुकमाला ती गेली तर ती आपली, हे त्यांना पट्टीच्या आतून लख्ख दिसत होतं. मग तिसऱ्यांदा म्हणाल्या. विद्रा वळली, बाईंच्या गुडघ्यांसमोर आडवी उभी राहिली आणि थरथर कापत तशीच उभी राहिली. बाईंनी पाऊल टाकून पाहिलं; तिनं अंगानं मागे रेटलं.

बाई मातीत बसल्या आणि तिच्या मानेत तोंड खुपसलं. "शाबास गं माझी बाय," त्या म्हणाल्या. "तेव्हाही तुझंच बरोबर होतं. माझं चुकलं."

परीक्षा झाली, विद्रा पास होऊन सिसाकला बेरोकडे गेली. मांडा रागानं आठवडाभर कॉफीला आली नाही. आठव्या दिवशी आली तेव्हा बाई तिच्यासमोर रडल्या, कोठीत न जाता.

पानगळ सुरू झाल्यावर एका सकाळी बेरोचा फोन आला. तो म्हणाला की आज तुमच्या विद्रानं माझं ऐकलं नाही. कोपऱ्यावर पुढे म्हटलं तर ढिम्म हलेना. वास घेत असेल म्हणून चारचौघांत तिच्यावर ओरडलो, गाढव म्हणालो. आणि नाकासमोरून वारा गेला. विजेवर चालणारी सामानाची व्हॅन होती, आवाजच नाही. पलीकडून एक बाई किंचाळली तेव्हा कळलं.

"मग तुम्ही विद्राला काय म्हणालात?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. तसाच घरी आलो."

"अजून काहीच म्हणाला नाहीत?"

"नाही."

"मग फोन ठेवू नका. खाली बसा तिच्याजवळ आणि आत्ता म्हणा. आज राहिलं तर उद्या ती थांबायची नाही."

पलीकडे खुर्ची सरकली. मग एक मोठा माणूस कष्टानं जमिनीवर बसल्याचा आवाज आला, आणि त्याचं घोगरं, अडखळतं बोलणं. शब्द कळत नव्हते. थोड्या वेळानं लाकडी जमिनीवर शेपटी आपटायला लागली. बाई फोन कानाला लावून ऐकत राहिल्या, आणि समोर बसलेल्या मांडानंही खुर्ची जवळ ओढून कान पुढे केला.